अलाइनमेंटचा रिपोर्ट हिरवा, तरी गाडी डावीकडे ओढते

तुमची तक्रार थोडक्यात अशी: सरळ रस्त्यावर स्टेअरिंग जरा सैल धरलं की गाडी डावीकडे जाते. महिन्याभरात दोनदा अलाइनमेंट झाली, दोन्ही वेळा रिपोर्टवर सगळे आकडे हिरवे. पुढचे दोन्ही टायर पाच-सहा महिन्यांपूर्वी नवे टाकले आहेत. आणि आता मेकॅनिक म्हणतोय, स्टेअरिंगचा रॅक, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा दांडा, बदलू.

रॅकला इतक्यात हात लावू देऊ नका. रॅक झिजला की स्टेअरिंगमध्ये ढिलाई येते, गाडी दोन्हीकडे भटकते, सतत सावरावी लागते. एकाच बाजूला, रोज, सारख्याच जोराने ओढणारी गाडी मी रॅक बदलून सरळ झालेली फार क्वचित पाहिली आहे. हे काम करून वीसेक वर्षं झाली, तेव्हा ‘क्वचित’ म्हणतोय ते जरा मोजूनच.

माझ्याकडे अशी गाडी आली की मी आधी जॅक काढत नाही, प्रश्न विचारतो: कधी ओढते? कायम? फक्त ब्रेक दाबल्यावर? ॲक्सिलरेटर दाबल्यावर? गाडी तासभर चालून गरम झाल्यावर? की वळण घेऊन सरळ झाल्यावर? उत्तर ऐकलं की अर्धं काम होतं, कारण या पाचांची कारणं जवळपास वेगवेगळी आहेत. अलाइनमेंटच्या मशीनला यातलं काहीच माहीत नसतं. ते उभ्या गाडीच्या चाकांचे कोन मोजतं, एवढंच.

तुम्ही ‘कायम’ म्हणताय असं धरून चालतो. तरी आधी एक खात्री करा. स्टेअरिंग तिरकं दिसतं पण गाडी सरळ जाते, अशी अवस्था असेल तर ते ओढणं नव्हे. ते स्टेअरिंग मध्यावर न बसवता टो (वरून पाहताना चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळली आहेत तो कोन) सेट केल्याचं लक्षण. या दोन्ही गोष्टी लोक एकाच वाक्यात सांगतात आणि मेकॅनिकही एकच इलाज करतो.

दुसरं, रस्ता. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता असतो. शंभराला दोन एवढा उतार म्हणजे दर मीटरला २ सेंटीमीटर. डोळ्यांना दिसत नाही, पण गाडीला कळतो. गाडी आपल्या जवळच्या कडेकडे थोडी झुकणारच. रिकामा, रुंद, सपाट रस्ता शोधा, नाहीतर दुभाजकाला लागून जिथे उतार उलट्या बाजूला आहे अशी लेन धरा, आणि मागेपुढे कोणी नसताना पाहा. हात स्टेअरिंगजवळच ठेवायचे, पकड फक्त सैल करायची. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. सपाट रस्त्यावर सहा सेकंदांत, म्हणजे शंभरेक मीटरमध्ये, गाडी लेन सोडत असेल तर मी ती तक्रार मानतो. उलट्या उतारावर उलट्या बाजूला जात असेल तर गाडीत काही नाही, घरी जा. लेन सांभाळणारी कॅमेऱ्याची सोय गाडीत असेल तर ही चाचणी ती बंद करून घ्या. ती स्वतःच स्टेअरिंगला हलके धक्के देते आणि आपण सस्पेन्शन उघडून बसतो.

हवा तपासलीच असेल. तरी गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, टायर थंड असताना, चारही चाकं एकाच गेजने पुन्हा पाहा. कमी हवेचा टायर गाडीला आपल्याकडे ओढतो. यापुढे यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता टायर. माझा पहिला संशय इथेच आहे, आणि तुम्ही नेमकं ‘टायर नवेच आहेत’ म्हणून तो सोडून दिलाय. रेडियल टायरच्या आत, ट्रेडच्या (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार थराच्या) खाली, पोलादी तारांचे पट्टे असतात. तयार होताना हे पट्टे मधोमध न बसता किंचित एका बाजूला सरकले, की टायरची एक कड दुसरीपेक्षा कडक होते आणि तो गोल फिरण्याऐवजी शंकूसारखा वागायला लागतो. कागदी पेला टेबलावर आडवा ठेवून ढकला. सरळ जात नाही, अरुंद बाजूकडे वळत जातो. असा टायर गाडीला तसाच वळवत नेतो. बाहेरून तो झकास दिसतो, बॅलन्सिंगच्या साध्या मशीनवर शून्य दाखवतो, अलाइनमेंटच्या मशीनला तर टायरशी देणंघेणंच नाही. म्हणून नवा टायर संशयातून सुटत नाही, उलट ‘टायर बदलल्यापासूनच ओढायला लागली का?’ हे मी हटकून विचारतो. तुम्ही तो कालक्रम लिहिलेला नाही. आठवून पाहा.

तपासणी सोपी आहे. पुढचं डावं चाक उजवीकडे, उजवं डावीकडे. बाकी कशाला हात लावायचा नाही, आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जायचं. गाडी आता उजवीकडे ओढू लागली तर दोष टायरचा, निकाल लागला. ओढणं बरंच कमी झालं तर टायर आणि दुसरं काहीतरी मिळून चाललं होतं. काहीच फरक पडला नाही तर टायर बहुतेक निर्दोष. ‘बहुतेक’ अशासाठी, की टायरच्या धाग्यांच्या विणीमुळे येणारी एक ओढ असते, ती बाजू बदलल्यावरही त्याच दिशेला राहते. एकाच मॉडेलच्या सगळ्या टायरांत ती सारखी असते. ती पकडायची तर दुसऱ्या मॉडेलच्या टायरांची जोडी लावून पाहावी लागते, पण ही पाळी कमी येते.

टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल फक्त चाचणीपुरती, कोरड्या रस्त्यावर, हळू, आणि लगेच परत. दोष टायरचाच निघाला, तर दोनांपैकी कुठला ते कळायला पुढचं एक चाक त्याच बाजूच्या मागच्या चाकाशी बदला. मागे गेलेला शंकूवाला टायर सहसा त्रास देत नाही, त्यामुळे पुष्कळदा टायर टाकून न देता भागतं. बाण नसेल आणि कडेवर ‘आतली बाजू, बाहेरची बाजू’ असा फरक लिहिलेला नसेल, तर रिमवरून उतरवून उलटा बसवला तरी ओढ दुसऱ्या दिशेला जाते. पण तो टायर अजून हमीच्या काळात असेल तर असल्या युक्त्या न करता बदलूनच मागा.

टायर सुटले, की तुमचा तो हिरवा रिपोर्ट हातात घ्या.

त्यात मुख्य तीन कोन असतात: टो, कॅम्बर, कॅस्टर. बहुतेक ठिकाणी अलाइनमेंट म्हणजे पुढचा टो सेट करणे, कारण कित्येक गाड्यांत पुढे सरळ पान्याने फिरवता येतं ते तेवढंच. गंमत अशी, की पुढच्या टोमुळे गाडी ओढत नाही. पुढची दोन्ही चाकं टाय रॉडने एकमेकांना बांधलेली. टो चुकला तर चुकीची वाटणी दोघांत होते: टायर घासले जातात, ट्रेडवरून हात फिरवला तर एका दिशेने करवतीसारखे दात लागतात, स्टेअरिंग तिरकं होतं, पण गाडी आपली सरळ जाते. मागच्या चाकांचा टो चुकला तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि स्टेअरिंग थोडं वळवून धरावं लागतं. रिपोर्टवर या तिरकेपणाला थ्रस्ट अँगल म्हणतात. ओढणारे खरे कोन कॅम्बर आणि कॅस्टर, आणि दोनदा अलाइनमेंट करताना त्यांना कोणी हातही लावलेला नसणार.

कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर झुकलेला असणं. वरून बाहेर झुकलं तर अधिक, आत झुकलं तर वजा. ज्या बाजूचा कॅम्बर जास्त अधिक, त्या बाजूला गाडी ओढते. कॅस्टर म्हणजे बाजूने पाहताना, चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव. त्याचं उलट: ज्या बाजूचा कॅस्टर कमी, तिकडे ओढते. आणि इथे हिरवा रंग फसवतो. समजा कंपनीने कॅम्बरला वजा ४५ मिनिटांपासून अधिक ४५ मिनिटांपर्यंत सूट दिली आहे. (६० मिनिटं म्हणजे १ अंश.) तुमचं डावं चाक अधिक ३५, उजवं वजा ३०. दोन्ही मर्यादेत, दोन्ही हिरवे. पण दोघांतला फरक झाला ६५ मिनिटं, म्हणजे एक अंशाहून जास्त, आणि गाडी डावीकडे जाणारच. कॅम्बर असो वा कॅस्टर, डाव्या-उजव्यातला फरक ३० मिनिटांच्या पुढे गेला की मी कान टवकारतो. तेव्हा रंग पाहू नका, डावा आकडा आणि उजवा आकडा यांची वजाबाकी करा. बऱ्याच रिपोर्टांवर हा फरक वेगळ्या ओळीत छापलेलाही असतो, फक्त तिथवर कोणाचं बोट जात नाही.

कॅस्टरबद्दल एक विचारून घ्या. तो उभ्या चाकावर नुसता दिसत नाही. मोजताना चाकं डावीकडे आणि उजवीकडे ठरलेल्या कोनात फिरवावी लागतात. मशीनवर चढवून दहा मिनिटांत गाडी खाली आली असेल आणि तुमच्यासमोर कोणी स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवलंच नसेल, तर कॅस्टरचा रकाना रिकामा असेल किंवा भरवशाचा नसेल.

फरक सापडला तर पुढचा प्रश्न: तो आला कुठून? कॅम्बर फिरवून सेट करण्याची सोय नसलेल्या गाडीत तो आपणहून बदलत नाही. काहीतरी वाकलंय, बसलंय किंवा सरकलंय. आधी चारही कोपऱ्यांची उंची मोजा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. एक स्प्रिंग दबून बसली असेल तर तिथेच कळेल. उंची सारखी असेल तर रिपोर्टवर एसएआय नावाचा आकडा शोधा. स्टेअरिंग फिरवल्यावर चाक ज्या अक्षावर वळतं त्या अक्षाचा तो आतला झुकाव. कॅम्बर बिघडलाय पण एसएआय दोन्हीकडे सारखा असेल, तर खड्ड्यात आपटून किंवा कडेच्या दगडावर चढून शॉकची नळी किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वाकलंय. कॅम्बर आणि एसएआय दोन्ही सरकले असतील आणि एका बाजूचं चाक वरून जेवढं आत गेलंय साधारण तेवढंच दुसरीकडचं बाहेर आलंय, तर सबफ्रेम सरकलेली असते. इंजिनखालची ती जाड चौकट, चाकाला खालून धरणारे लोअर आर्म तिलाच जोडलेले. बऱ्याच गाड्यांत क्लचचं किंवा गिअरबॉक्सचं काम करताना ती खाली उतरवावी लागते, आणि परत बसवताना बोल्टच्या भोकांत जेवढी मोकळीक असते तेवढी ती एका बाजूला बसते. चार-पाच मिलिमीटर पुरतात. मालकाला वाटतं क्लचचा आणि ओढण्याचा संबंध काय? बोल्ट सैल करून, जुन्या खुणा जुळवून, चौकट मध्यावर आणून पुन्हा ठरल्या टॉर्कला घट्ट करायची. एकही पार्ट न बदलता सरळ झालेल्या अशा गाड्या माझ्या फार आवडत्या.

ब्रेककडे वळू. चिकटलेला ब्रेकही कायम ओढतो, आणि चिकटलेल्या बाजूलाच ओढतो. दहा-पंधरा किलोमीटर, शक्यतो ब्रेक कमीत कमी वापरत चालवा आणि थांबल्यावर चारही चाकांजवळ तळहात न्या. डिस्कला बोट लावू नका, चटका बसेल. रिमजवळ नुसता हात धरला तरी एक चाक भट्टीसारखं आहे हे कळतं. त्या रिमवर काळी भुकटीही जास्त साचलेली असते.

एक गाडी आठवते. मालक म्हणायचा, सकाळी ऑफिसला जाताना सरळ, संध्याकाळी गर्दीतून येताना डावीकडे. दुसऱ्या गॅरेजात त्याने डावा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) नवा टाकून घेतला होता, फरक शून्य. मी गाडी स्टँडवर घेतली, डावं चाक हाताने फिरवलं, मोकळं फिरलं. सहकाऱ्याला ब्रेक चार-पाच वेळा जोरात दाबून सोडायला सांगितलं आणि पुन्हा फिरवलं, तर चाक जागचं हलेना. मग कॅलिपरवरचा ब्लीडर, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर सोडणारा छोटा स्क्रू, पाव फेरा सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि त्याच क्षणी चाक मोकळं झालं. म्हणजे कॅलिपर बिचारा सुटायला तयार होता, ऑइल मागे जायलाच वाट नव्हती. दोष रबरी होजचा. आतला थर फाटून त्याची झडप झाली होती: पायाच्या जोराने ऑइल पुढे जायचं, पाय काढल्यावर परत यायचं नाही. होज उभा चिरून मालकाला दाखवला, बाहेरून कोरा करकरीत होता. ब्लीडर सैल करूनही चाक जाम राहिलं असतं, तर मात्र पिस्टन किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजल्या असं समजायचं. ही चाचणी केली की नंतर हवा काढून ऑइल भरावंच लागतं. ब्रेकचं काम कधी केलं नसेल तर स्वतः करू नका.

फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर हिशोब उलटा. गाडी ज्या बाजूला ओढते त्या बाजूचा ब्रेक चांगला आहे. काम करत नाहीये तो दुसरीकडचा. गाडी डावीकडे जाते म्हणून डावे पॅड बदलणारे पुष्कळ पाहिलेत. दोन्ही ब्रेक ठीक निघाले तर लोअर आर्मचा मागचा रबरी बुश पाहा. कोणाला तरी गाडी अगदी हळू पुढे-मागे करत ब्रेक मारायला सांगा आणि बाजूला उभं राहून चाक पाहा. बुश फाटला असेल तर चाक मडगार्डच्या पोकळीत मागेपुढे सरकताना साध्या डोळ्यांनी दिसतं.

ॲक्सिलरेटर दाबला की ओढणं आणि सोडला की सरळ होणं हा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, ताकदवान इंजिनाच्या गाड्यांचा स्वभाव आहे, विशेषतः दोन्ही ड्राइव्ह शाफ्टची लांबी वेगळी असेल तर. पूर्वी नव्हतं आणि आता सुरू झालं, तर इंजिनचं माउंटिंग आणि तोच लोअर आर्मचा बुश तपासा.

वळण घेतल्यानंतरचं ओढणं मात्र लोकांना चक्रावून टाकतं. उजवं वळण घेतलं की गाडी बराच वेळ उजवीकडे ओढते, डावं घेतलं की डावीकडे. इथे कोन बिघडलेले नसतात, काहीतरी अडकत असतं. शॉकच्या वरचं बेअरिंग किंवा बॉल जॉइंट घट्ट झाला की स्टेअरिंग मध्यावर परत येत नाही. एकाने स्टेअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने स्प्रिंगवर हात ठेवायचा. स्प्रिंग सुरळीत न फिरता ताणून ‘टण्’ उडी मारत असेल तर बेअरिंग गेलं. सस्पेन्शनच्या कामानंतर ओढायला लागली असेल तर आणखी एक शक्यता: लोअर आर्मचे बोल्ट चाकं हवेत लोंबकळत असताना आवळले. गाडी खाली आली की रबरी बुश पिळला जातो आणि पिळलेलाच राहतो. बोल्ट सैल करून, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून पुन्हा आवळायचे.

पॉवर स्टेअरिंगला मी सगळ्यात शेवटी हात घालतो. हायड्रॉलिक असेल तर पुढची चाकं स्टँडवर उचलून इंजिन चालू करा. कोणी न धरता स्टेअरिंग स्वतःच एका बाजूला फिरू लागलं, तर दोष त्याच्या व्हॉल्व्हचा. रॅकचं नाव निघायचंच तर ते इथे निघतं. इलेक्ट्रिक असेल तर स्कॅनर लावून स्टेअरिंगच्या कोनाचा आणि जोराचा सेन्सर सरळ चाकांना शून्य दाखवतात का ते पाहा. काही गाड्यांची ही यंत्रणा ओढ ओळखून हळूहळू स्वतःच तिची भरपाई करायला शिकते. अशा गाडीत खरा दोष काढला की ती काही काळ उलटीकडे ओढते. घाबरून पुन्हा अलाइनमेंटला धावू नका, सेन्सर शून्यावर आणून घ्या.

तर तुम्ही या सुट्टीला एवढंच करा: थंड टायरची हवा, आणि पुढच्या दोन चाकांची अदलाबदल. ओढ उजवीकडे गेली तर टायरवाल्याकडे जा. जशीच्या तशी राहिली तर लांब फेरी मारून चाकांजवळ हात धरून पाहा, आणि रिपोर्टवरचे डाव्या-उजव्या कॅम्बर-कॅस्टरचे चार आकडे मला कळवा, एसएआय छापला असेल तर तोही. आणि हो, हे सुरू व्हायच्या आधी गाडीचा क्लच किंवा गिअरबॉक्स उतरवला होता का, तेही लिहा.